तीन कोटेशनांचा अडॅप्टर

खरेदीसाहेबांना एखादी वस्तू पटकन पसंत पडली, असं आजवर कुणी पाहिलेलं नाही. एका कारखान्याचा खरेदी विभाग आणि त्यातली कोपऱ्यातली खुर्ची, एवढ्यात त्यांची सगळी नोकरी गेली. कामगार त्यांना पाठीमागे ‘तीन कोटेशन’ म्हणायचे. स्क्रू हवाय? तीन कोटेशनं. झाडू हवाय? तीन कोटेशनं, आणि ती शेजारीशेजारी मांडून तुलनात्मक तक्ता. एकदा पाण्याचा पंप जळाला, तर नवा येईपर्यंत अख्खा कारखाना बादल्या वाहत होता आणि साहेब पट्टी ठेवून तक्त्याच्या रेघा मारत होते. निवृत्तीच्या दिवशी त्यांना घड्याळ भेट दिलं, तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, “साहेब, एकाच दुकानातून आणलंय हं!” सगळे पोट धरून हसले. साहेबही हसले, पण घरी आल्यावर त्यांनी ते घड्याळ उलटंपालटं करून बघितलंच.

आता कारखान्यात हे खपून गेलं, कारण तिथे थांबणारी माणसं पुष्कळ होती. घरात थांबणारं माणूस एकच, त्यांची बायको. तिला सगळी इमारत काकू म्हणते, तेव्हा आपणही काकूच म्हणू. मिक्सर बिघडला तेव्हा काकूंनी उन्हाळा आणि हिवाळा दोन्ही खलबत्त्यावर काढले. पडदे विरले तेव्हा खिडक्यांना जुन्या चादरी लटकल्या. तक्रार तरी काय करायची? नवरा वाईट नव्हता हो. दारू नाही, आरडाओरडा नाही, कधी वाकडा शब्द नाही. विचारलं की गोड आवाजात एकच उत्तर: “अगं, घ्यायचं तर चांगलंच घेऊ ना. घाई केली की काहीतरी गळ्यात पडतं.” या ‘चांगलंच’ने काकूंचा जीव किती वर्षं खाल्ला, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

काकू घरी शिवणकाम करायच्या. काळ्या कापडावर काळ्या दोऱ्याची उलटी टीप त्या दिव्याशिवाय घालायच्या. आणि त्याच डोळ्यांनी दगा दिला. नजरेच्या मधोमध एक करडा डाग आला. कडेकडेचं दिसायचं, पण ज्याच्याकडे बघावं तेच नेमकं गायब. समोर माणूस उभं राहिलं तर त्याचे कान दिसायचे, तोंड नाही. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, डावा आता धरून चालू नका, उजव्यात इंजेक्शनं देत राहू, टिकेल तेवढा टिकेल. ‘जे बघायचं ते आत्ताच बघून घ्या’ असं काही ते बोलले नाहीत. काकूंना मात्र तेवढंच ऐकू आलं.

आणि काकूंना बघायचे होते ते धाकटीचे हात.

धाकटी म्हणजे त्यांची पाठची बहीण. तिला जन्मापासून ऐकू येत नाही, म्हणून बोलणंही नाही. शाळेत कुणी घातलं नाही. सही करते तीसुद्धा चित्र काढल्यासारखी. पण या दोघींनी परकर नेसायच्या वयात आपली आपली हातांची भाषा तयार केली होती. ती कुठल्या शाळेत शिकवत नाहीत आणि दोघींखेरीज कुणाला येत नाही. कानाची पाळी ओढली की काकू. रागावल्यावर आई मनगटावर दोन चापट्या द्यायची, म्हणून मनगटावर दोन चापट्या म्हणजे राग. चापट्या मारून हनुवटी वर केली की ‘रागावलीस का?’ आणि मनगटावरून तळहात फिरवून पुसून टाकलं की ‘छे गं, कसला राग!’

खरेदीसाहेबांचीही एक खूण होती. दोन तळवे तराजूसारखे वर-खाली, वर-खाली, कधी न थांबणारे. लग्नाच्याही आधी, साहेब दुकानात दोन छत्र्या दोन हातांत घेऊन उभे असताना, धाकटीने ती बहाल केली होती. साहेबांना आजतागायत तिचा पत्ता नाही. त्यांना एकही खूण येत नाही. इतक्या वर्षांत मेहुणी कितीदा घरी आली, राहिली, पण हे आपले तिला बघून मान डोलावतात आणि जरा मोठ्याने विचारतात, “बरं आहे ना?” बहिऱ्या माणसाला! काकूंनी सुरुवातीला दोनचार खुणा शिकवून बघितल्या. तेव्हा म्हणाले, “तू आहेस ना सांगायला.” झालं, विषय संपला.

धाकटी आता लांब राहते, मुलगा-सुनेकडे. प्रवास दोघींनाही झेपत नाही. दर रविवारी दुपारी दोघी कॉम्प्युटरवर भेटायच्या. फोन काय कामाचा? फोनवर धाकटी नखाएवढी दिसायची, आणि तिचे हात म्हणजे दोन माश्या. कॉम्प्युटरच्या मोठ्या पडद्याला जवळजवळ गाल टेकवायचा, तोंड एका बाजूला फिरवायचं आणि डोळ्याच्या कडेने बघायचं, म्हणजे हात दिसायचे. काकू अशी मान वाकडी करून बसल्या की धाकटी तिकडून पोपटासारखी मान करून त्यांची नक्कल करायची. मग दोघी हसायच्या. त्या एका तासावर काकूंचा सगळा आठवडा निघायचा.

मग इंटरनेटच्या कंपनीने लाइन बदलली. त्यांचा माणूस आला आणि नवा डबा बाहेरच्या दारापाशी ठोकून गेला. आतपर्यंत वायर येणार नाही म्हणाला. कॉम्प्युटर होता मागच्या खोलीत, भिंतीत स्क्रूने बसवलेल्या टेबलावर. जुना माल, त्याला वायरशिवाय काही कळायचं नाही. रविवारी काकू नेहमीसारख्या जाऊन बसल्या, तर पडद्यावर काहीच नाही.

“अहो, कॉम्प्युटर बाहेर आणा की,” काकू म्हणाल्या.

“आणि ठेवू कुठे, डोक्यावर? एकदा वस्तूने जागा सोडली की ती गेली म्हणून समज. स्टोअरमध्ये मी हेच सांगायचो.”

“मग लांब वायर टाका.”

“तुझ्या पायात येईल. आधीच तुला दिसत नाही.”

“दिसत नाही म्हणूनच म्हणतेय ना!”

“अगं, ऐक तर. एक छोटंसं यंत्र मिळतं. कॉम्प्युटरला खोचायचं, की तो हवेतून वायफाय पकडतो. अडॅप्टर म्हणतात त्याला. आणतो मी.”

साहेब ‘आणतो’ म्हणाले आणि काकू मनातल्या मनात रविवार मोजायला लागल्या.

दुसऱ्या दिवसापासून घरात अडॅप्टर सोडून दुसरा विषय नाही. नखाएवढा घ्यावा की अँटेनावाला? एक अँटेना की दोन? एका लहरीवर चालणारा की दोन लहरींवर? एक लहर सावकाश जाते पण भिंती ओलांडते, दुसरी पळते पण भिंतीला धडकून बसते. साहेबांनी टेप घेऊन दारापासून मागच्या खोलीपर्यंत मापं घेतली, भिंतींवर टिचक्या मारून विटा की काँक्रीट ते बघितलं. फ्रिज मध्ये येतो, त्याचंही लिहून घेतलं. मोबाइलवर लोकांची मतं वाचायला बसले. एकाने लिहिलेलं, फार तापतो. दुसऱ्याने लिहिलेलं, महिनाभरात बंद पडला. तिसऱ्याने लिहिलेलं, सोबत सीडी देतात आणि कॉम्प्युटरला सीडीचं तोंडच नाही. तिघांचंही साहेबांना पटलं.

मग दुकानांना फोन. “लेखी कोटेशन पाठवाल का?”

“कशाचं?”

“वायफाय अडॅप्टरचं.”

“किती नग, साहेब?”

“एक.”

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज यायचा. एक दुकानदार मात्र सज्जन निघाला. म्हणाला, “अहो काका, एवढ्याशा वस्तूला कसलं कोटेशन? या, घ्या, लावा. नाही चाललं तर परत आणा.” साहेबांनी त्याचं नाव तक्त्यातून खोडलं. असल्या माणसावर भरवसा कसा ठेवायचा, म्हणाले.

रविवारांमागून रविवार चालले होते. काकूंच्या डोळ्यातला डाग पसरत होता. आधी ताटातलं मीठ दिसेनासं झालं, मग ताटाची कडच तेवढी उरली. त्या रोज विचारायच्या, “आला का हो?” आणि साहेब रोज सांगायचे, “दोन कोटेशनं आलीत. तिसरं आलं की झालंच.”

शेवटी काकूंचं डोकं फिरलं. साहेब एक दिवस जुन्या सहकाऱ्याकडे दिवसभरासाठी गेले होते. वरच्या मजल्यावर एक नर्स राहते, तिला काकूंनी हाक मारली. म्हणाल्या, “मला हाताला धरून त्या कॉम्प्युटरच्या दुकानात ने. आत्ता, पायात चपला आहेत तशी.” नर्सची रात्रपाळी झाली होती, डोळे चुरचुरत होते, तरी निघाली. दुकानदाराने एकच प्रश्न विचारला: मध्ये भिंती किती? दोन, म्हटल्यावर त्याने मागच्या फळीवरची एक डबी काढून काउंटरवर ठेवली. इतकी हलकी, की आत काही आहे की नाही अशी शंका यावी. चालता चालता बांगडी घ्यावी तशी काकूंनी ती घेतली.

घरी येऊन नर्सने तो नखाएवढा अडॅप्टर खोचला, जरा खाटखूट केली, आणि चालू झाला की हो! काकूंना आधी खरंच वाटेना. धाकटीच्या सुनेला फोन केला आणि पाच मिनिटांत पडद्यावर धाकटी हजर. चित्र अडखळत होतं. हात वर जायचा, मध्येच थिजायचा, मग एकदम खाली दिसायचा. पण काकूंनी गाल पडद्याला लावला, तोंड फिरवलं आणि सगळं वाचलं. सुनेला नवी नोकरी लागलीय. गुडघा कुरकुरतोय. नातू दांडगट झालाय. आणि तराजूचं काय? असं विचारून धाकटीने दोन्ही तळवे वर-खाली केले, इतके जोरात की चित्र तिथेच अडकलं आणि धाकटी हवेत तळवे धरून तशीच थिजली. काकू इतक्या हसल्या की नर्स स्वयंपाकघरातून धावत आली. निघताना धाकटीने विचारलं, रविवारी? काकूंनी छातीवर हात ठेवला. रविवारी, नक्की.

संध्याकाळी साहेब आले. चहा घेतला, आत गेले, आणि त्यांचा आवाज आला. “हे काय खोचलंय?”

काकूंनी सांगितलं. त्यांना वाटलं होतं, जरा फुरंगटतील आणि गप्प बसतील. साहेब फुरंगटले वगैरे नाहीत. ते खुर्ची ओढून बसले आणि तपासायला लागले.

“अगं, हा एकाच लहरीवर चालतो. आजूबाजूच्या सगळ्या घरांची वायफाय त्याच लहरीवर. म्हणून अडखळत असेल.”

“अडखळू दे. मला हात दिसतात.”

“दिसतात म्हणजे कसे? स्वच्छ दिसायला हवेत. आणि तापलाय बघ किती.”

“तापू दे हो! मला तिच्याशी बोलता आलं, आणखी काय पाहिजे?”

“तुला फसवलंय त्याने. पडून राहिलेला माल गळ्यात मारलाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू अंघोळीला गेल्या तेवढ्यात साहेबांनी अडॅप्टर काढला, डबीत घातला, डबीची चिकटपट्टी होती तश्शी लावली आणि दुकानात परत देऊन आले. परत द्यायची मुदत होती म्हणे. मुदत असताना खराब माल ठेवून घेतला, असं त्यांच्या उभ्या आयुष्यात झालं नव्हतं.

काकू कॉम्प्युटरमागे हात फिरवून चाचपडत राहिल्या. बोटांना फक्त रिकामी खाच लागली.

“माल परत द्यायची मुदत बघितलीत,” त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. “माझ्या डोळ्यांची मुदत कोण वाढवून देणार? तुमचा पुरवठादार?”

साहेबांचा चेहरा पडला. “अगं, हे सगळं तुझ्यासाठीच चाललंय ना? मला एकट्याला काय करायचाय तो अडॅप्टर?”

आणि ते खरंच होतं. हीच तर रड होती. माणूस दुष्ट असता तर काकूंनी त्याला चार शिव्या घातल्या असत्या आणि मोकळ्या झाल्या असत्या. हा रात्रंदिवस त्यांच्याचसाठी राबत होता. त्याला काय बोलणार, कपाळ?

रविवार आला. शब्द दिला होता, म्हणून काकूंनी साहेबांच्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावला. साहेबांनी फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा करून दिला आणि ते बाजारात गेले. फोनमध्ये धाकटी होती, पण काकूंना दिसत होता तो एक हलणारा ठिपका. त्यांनी सवयीने तोंड फिरवलं, डोळ्याच्या कडेने बघायचा प्रयत्न केला. एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. ठिपका हलत होता, म्हणजे धाकटी काहीतरी विचारत होती. काय ते कळेना. काकू आपल्या अंदाजाने हसल्या, मान हलवली, आपल्या गुडघ्याचं काहीतरी सांगितलं. ठिपका थांबला. पुन्हा हलला. काकूंनी पुन्हा तोंड फिरवलं. मग ठिपका गेलाच.

धाकटीने काय पाहिलं, ते काकूंना दोन दिवसांनी कळलं. तिच्या सुनेचा फोन आला.

“मावशी, काही झालंय का तुमच्या दोघींचं? आई फोनसमोर बसायलाच तयार नाहीत. मी तुमचा फोटो दाखवला तर त्यांनी असं केलं, म्हणजे मान पार एका बाजूला वळवली, तोंड फिरवल्यासारखी.”

“अगं, मला दिसत नाही म्हणून मी...” काकूंनी वाक्य अर्धंच सोडलं. “आणखी काय करते?”

“आणखी काही नाही. मनगटावर मारत असतात सारख्या. मी बघितलं, पुरळ वगैरे काही नाही.”

काकूंना आता सगळं कळलं. मोठ्या पडद्यावर त्यांनी तोंड फिरवलं तरी चालायचं, कारण धाकटीच्या प्रत्येक खुणेला त्यांचं उत्तर जायचं. इथे धाकटीने विचारलं, ‘कशी आहेस?’ आणि बहिणीने तोंड फिरवलं. विचारलं, ‘रागावलीस का?’ आणि बहीण हसून गुडघ्याचं बोलली आणि पुन्हा तोंड फिरवलं. बाकी कुणी नाही, तर बहिणीने! ज्या एका माणसाशी धाकटीला जगात बोलता यायचं, त्यानेच.

“तिला सांग, मी रागावले नाही,” काकू फोनवर ओरडल्या. “मनगट पुसून दाखव तिला. असा हात फिरव.”

सुनेने बिचारीने तेही केलं. संध्याकाळी कळवलं, “मावशी, त्यांना वाटलं मी माझंच सांगतेय. माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि निजल्या.”

त्या दिवसापासून काकूंनी साहेबांच्या मागे टुमणं लावलं. रडल्या, भांडल्या, एक दिवस जेवल्या नाहीत. “मला तो परत केलेला आणून द्या. तोच द्या, तापणारा.” साहेब हबकले खरे. पण हबकलेला माणूस आपल्याला येतं तेच जास्त जोराने करतो. त्यांनी उरलेलं कोटेशन धसास लावलं, तक्ता पुरा केला, दोन अँटेनांचा, दोन लहरींचा, उंच पायावर उभा राहणारा एक अडॅप्टर पसंत केला आणि मागवायला गेले, तर कंपनीने तो प्रकार बनवणं बंद केलेलं! आता बोला. दुसऱ्या कुणी शेजारचा उचलला असता. साहेब म्हणाले, मॉडेल बदललं की तुलना रद्द, पुन्हा पहिल्यापासून.

काकूंनी नर्सकडे जावं म्हटलं, तर तिची बदली होऊन ती केव्हाच खोली सोडून गेली होती. एकट्या जिन्यापर्यंत जाऊन आल्या. खालची पायरी कुठली आणि जमीन कुठली, ते कळेना. परत आल्या आणि मागच्या खोलीत अंधाऱ्या पडद्यासमोर बसून राहिल्या. मधल्या काळात डॉक्टरांनी इंजेक्शनं थांबवली. आता उपयोग नाही, म्हणाले. हे काकूंनी साहेबांना सांगितलं होतं. साहेबांनी “हं” केलं होतं. त्या वेळी ते कुणाचीतरी मतं वाचत होते.

आणि एके दिवशी अडॅप्टर आला.

काय तो थाट! जाड पुठ्ठ्याचं खोकं, आत फोम, फोमच्या खाचेत तो काळा, दोन शिंगं उभारलेला. साहेबांनी नवा चष्मा लावला, टेबल पुसलं, अडॅप्टर उभा केला. एका फटक्यात चालू झाला. “बघ! सगळ्या काड्या भरलेल्या!” साहेबांचा आवाज लहान मुलासारखा चिरकला. “तरी मी म्हणत होतो!”

काकूंनी धाकटीच्या सुनेला फोन केला. हातापाया पडल्या. तिकडे सुनेने सासूला अक्षरशः दंडाला धरून आणून बसवलं.

“आली गं आली!” साहेब म्हणाले. “अगं, काय चित्र आहे! हातावरच्या शिरासुद्धा मोजून घ्याव्यात. बस, बस इथे.”

काकू बसल्या. गाल पडद्याला लावला. तोंड डावीकडे फिरवलं, मग घाईघाईने सरळ केलं, मग उजवीकडे. समोर उजेड होता, करडा, दुधाळ, सगळीकडे सारखा. त्यात धाकटी कुठेतरी होती. काकू सरळ बसल्या. ओठ आवळून धरले.

“अहो,” त्या हळूच म्हणाल्या, “ती काय करतेय?”

“कोण? बसलीय की.”

“हातांनी. हातांनी काय करतेय?”

“हातांनी...” साहेब वाकून बघायला लागले. मेहुणीच्या हातांकडे ते जन्मात पहिल्यांदाच बघत होते. “काही नाही. हलवतेय.”

“कसे हलवतेय? नीट सांगा हो, पाया पडते तुमच्या.”

“कसे म्हणजे? आता कानाला हात लावला. आता मनगटावर मारतेय. डास असतील त्यांच्याकडे.”

“किती वेळा? किती वेळा मारलं?”

“दोनदा. आता हनुवटी वर केली. मान अवघडली असेल.”

काकूंनी घाईघाईने बांगड्या मागे सारल्या. मग त्यांनी मनगट समोर धरलं आणि त्यावरून तळहात फिरवला. पुन्हा फिरवला. या वेळी तोंड जराही फिरवलं नाही, सरळ समोर ठेवलं, कारण फिरवून दिसण्यासारखं आता काही उरलंच नव्हतं. हसत हसत, गालांवरून पाणी गळत असताना, त्या मनगट पुसत राहिल्या. छे गं. कसला राग! तुझ्यावर? वेडी आहेस का? मग डोळ्यांकडे बोट केलं आणि मूठ मिटली. दिवा गेला की लहानपणी दोघी असंच करायच्या. ‘गेले गं माझे.’ आणि पुन्हा मनगट पुसलं.

“आता काय म्हणतेय?” त्यांनी विचारलं.

“कोण?” साहेबांचा आवाज दुसऱ्या कोपऱ्यातून आला. कागदावर पेन चालत होतं.

“धाकटी!”

“बंद केला ना मी. मघाशीच. तू काही बोलेनास, तीही डास मारत बसलेली. म्हटलं, चाचणी तर झाली, तक्त्यात नोंद करून टाकू.”

काकूंचे हात होते तिथेच राहिले, हवेत.

“लावा,” त्या म्हणाल्या. “परत लावा. आत्ताच्या आत्ता लावा!”

साहेबांनी लावला. बराच वेळ वाजला. मग सुनेचा आवाज आला, रडवेला. “मावशी, असं का केलंत हो? त्यांनी काहीतरी विचारलं आणि तुम्ही बंदच केलंत. उठून गेल्या त्या. दाराला आतून कडी घातलीय. आता त्यांना कशी सांगू मी? दार वाजवलेलंसुद्धा कळत नाही त्यांना.”

फोन बंद झाला. खोलीत अडॅप्टरचा निळा दिवा लुकलुकत होता, तो एकट्या साहेबांना दिसत होता. ते बायकोकडे बघत होते, आणि बघता बघता त्यांच्या काहीतरी लक्षात आलं.

“तुला दिसलं नाही का गं?” त्यांनी विचारलं. “अगदीच नाही?”

आवाज आला त्या दिशेला काकूंनी खुर्ची फिरवली. इतक्या वर्षांत जे तोंडाने कधी म्हटलं नव्हतं ते म्हणायला त्यांच्यापाशी शब्द नव्हते, खूण होती. त्यांनी मनगट पुढे केलं आणि त्यावर चापट मारली. मग दुसरी. खाडकन, कातडी लाल होईल अशी. पुन्हा दोन. पुन्हा दोन.

साहेबांनी वाकून तिच्या मनगटाकडे बघितलं.

“इथेही डास झालेत का गं?” ते म्हणाले, आणि खिशातून मोबाइल काढून चष्मा सारखा केला. “थांब. औषध कुठलं चांगलं, ते बघतो.”